दुसरी कादंबरी, दोन हजार प्रती आणि चौदा महिन्यांची बचत

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी ४१ वर्षांची, नोकरी करणारी लेखिका आहे. तीन वर्षांपूर्वी पहिली कादंबरी स्वतःच प्रकाशित केली. १,००० प्रती छापल्या; ४३० विकल्या, ८० भेट व अभिप्रायासाठी दिल्या, ४९० घरात आहेत. ई-बुकच्या २६० प्रती गेल्या. आता ९०,००० शब्दांची दुसरी कादंबरी तयार आहे. एका प्रकाशन-सेवा कंपनीने संपादन, मुखपृष्ठ, २,००० प्रतींची छपाई, वितरण आणि प्रसिद्धी असं पॅकेज देऊ केलं आहे. रक्कम आमच्या सात महिन्यांच्या घरखर्चाइतकी. विकलेल्या प्रतीमागे छापील किमतीच्या ४० टक्के आणि ई-बुकच्या जमेतला अर्धा वाटा मला मिळेल. शिवाय एक वर्ष नोकरी सोडून या कादंबरीची प्रसिद्धी आणि तिसरीचं लेखन करावं असं मनात आहे. निवृत्तिनिधी सोडून आमची बचत १४ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. नवऱ्याच्या पगारातून घरखर्चाचा ४० टक्के भाग निघतो. गृहकर्ज चालू आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे. बचत मोडावी, की निम्मी रक्कम वैयक्तिक कर्जातून उभी करावी?

उत्तर: तुमच्या एका प्रश्नात तीन निर्णय गुंतलेले आहेत: पॅकेज घ्यायचं का, प्रती किती छापायच्या आणि नोकरी सोडायची का. ते सुटे करून पाहिले की उत्तरं वेगवेगळी निघतात. माझं मत आधीच सांगून टाकते. कादंबरी जरूर काढा. पॅकेज घेऊ नका, कर्ज तर नकोच, आणि नोकरी वर्षभरासाठी सोडू नका. ४०० प्रती छापा, संपादनावर हात आखडता घेऊ नका, आणि तिसऱ्या कादंबरीचा दुसरा खर्डा करायची वेळ येईल तेव्हा दोन महिन्यांची बिनपगारी रजा घ्या. हे का, ते आता आकड्यांनी पाहू.

तुमच्या पत्रातल्या प्रत्यक्ष रकमा इथे देत नाही. कादंबरीची छापील किंमत १०० भाग धरली आहे. दोन्ही कादंबऱ्या जवळपास सारख्याच जाडीच्या आहेत आणि किंमतही तुम्ही तीच ठेवणार आहात, म्हणून हे माप दोन्हींना चालेल. तुमचा हप्त्यासकट एका महिन्याचा घरखर्च १५० प्रतींच्या छापील किमतीएवढा भरतो, म्हणजे १५,००० भाग. मोठ्या रकमा मी महिन्यांत मोजेन, कारण बचतीतून किती महिने गेले हे मनाला लगेच कळतं.

पहिली बेरीज सर्वांत महत्त्वाची. पॅकेजचे ७ महिने. नोकरी सोडल्यावर घरखर्चातला ६० टक्के भाग बचतीतून काढावा लागेल, म्हणजे वर्षाला ७.२ महिने. एकूण १४.२. बचत आहे १४. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर वर्षअखेरीस हाताशी काहीही उरत नाही, आणि हे त्या वर्षात कुणी आजारी पडलं नाही, नवऱ्याची नोकरी टिकली आणि तुम्हाला जुन्या पगाराची नोकरी लगेच परत मिळाली तर. गृहकर्ज आणि लहान मूल असलेल्या घरात किमान सहा महिन्यांचा खर्च हात न लावता ठेवलाच पाहिजे. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी या सहा महिन्यांवर त्याचा हक्क नाही.

आता पहिल्या कादंबरीचा हिशोब. तो तुम्ही फार नीट ठेवला आहे आणि दुसरीसाठी तोच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. खर्च: छपाई प्रतीमागे ३० भाग, १,००० प्रतींचे ३०,०००, मुखपृष्ठ आणि मांडणी ६,०००, मुद्रितशोधन ४,०००. एकूण ४०,०००. जमा: कार्यक्रमांत आणि ओळखीत थेट विकलेल्या १२० प्रती, २० टक्के सवलतीने प्रत्येकी ८० भाग, म्हणजे ९,६००. दुकानांतून गेलेल्या १९० प्रती, ५० टक्के कमिशन वजा जाता ९,५००. ऑनलाइन १२० प्रती, कमिशन आणि टपालखर्च वजा जाता प्रत्येकी ५५, म्हणजे ६,६००. ई-बुकची किंमत ४० भाग होती. हाती प्रत्येकी सुमारे २७ आले, २६० प्रतींचे ७,०२०. एकूण जमा ३२,७२०. तोटा ७,२८०, म्हणजे जेमतेम अर्ध्या महिन्याचा घरखर्च.

पहिल्या कादंबरीला ४३० छापील आणि २६० ई-बुक वाचक स्वतःच्या जोरावर मिळवणं हे चांगलं काम आहे. पत्रात तुम्ही त्याला अपयश म्हटलं आहे. तसं ते नाही. तोटा वाचक कमी मिळाल्यामुळे झालेला नाही, तो छपाईच्या आकड्यामुळे झाला. न विकलेल्या ४९० प्रतींत छपाईचे १४,७०० भाग अडकून पडले आहेत. त्याच वेळी ५५० प्रती ३८ भागांच्या दराने छापल्या असत्या, तर छपाईचा खर्च २०,९०० आला असता, सगळी विक्री आणि सगळ्या भेटप्रती भागून ४० प्रती उरल्या असत्या, आणि याच विक्रीवर १,८२० भागांचा नफा दिसला असता. प्रतीमागे ८ भाग जास्त मोजूनही!

इथेच बहुतेक स्वप्रकाशित लेखक फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ऑफसेट छपाईत प्लेटा करणं, यंत्रावर त्या बसवणं, शाई आणि कागद जुळेपर्यंत वाया जाणारे ताव हा खर्च ३०० प्रतींना तेवढाच आणि ३,००० प्रतींनाही तेवढाच. तो जास्त प्रतींवर वाटला गेला की एका प्रतीचा दर उतरतो. मुद्रक तुमच्यासमोर दरपत्रक ठेवतो तेव्हा डोळे त्या उतरत्या दरावर जातात. पण तुम्ही पैसे दराचे भरत नाही, एकूण बिलाचे भरता. १,००० ऐवजी २,००० छापताना प्रत्येक प्रत ३० वरून २६ वर येते, पण बिल ३०,००० वरून ५२,००० वर जातं. पाहायचा दर एकच: छपाईचं एकूण बिल भागिले खरोखर विकल्या गेलेल्या प्रती. पहिल्या कादंबरीत तो ३० नव्हता. ३०,००० भागिले ४३०, म्हणजे जवळपास ७० होता.

२,००० प्रती म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही डोळ्यांसमोर आणा. ९०,००० शब्दांची कादंबरी डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात, पानाला २८० शब्द धरले, तर सुमारे ३२० पानांची होते. १६ पानांचा एक फॉर्म (एकत्र छापून दुमडला जाणारा ताव) धरला तर बरोबर २० फॉर्म. चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदावर एक प्रत साधारण ३६० ग्रॅम भरते. २,००० प्रतींचं वजन ७२० किलो. ४० प्रतींचा एक खोका असे ५० खोके, प्रत्येक १४ किलोंच्या वर. दमट हवेत कागद ओल धरतो, कडा पिवळ्या पडतात, भिंतीला टेकवलेल्या खोक्यांना वाळवी लागते. दोन वर्षांनी त्यातल्या कितीतरी प्रती पूर्ण किमतीला देण्याजोग्या राहत नाहीत. तुमच्या घरातल्या ४९० प्रतींचे खोके आजच जमिनीपासून वर, फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पुस्तकं खोक्यात आडवी असावीत, तिरकी राहिली की कणा वाकतो.

आता पॅकेज. ७ महिने म्हणजे १,०५,००० भाग. विकलेल्या प्रतीमागे तुम्हाला ४०. भागाकार करा: २,६२५. तुमचे पैसे केवळ छापील प्रतींतून परत यायला २,६२५ प्रती विकाव्या लागतील आणि छापणार आहेत २,०००. एकूण एक प्रत विकली गेली तरी त्या विक्रीतून पॅकेजचे पैसे सुटत नाहीत. हा करार वाईट नशिबाने तोट्यात जाणारा नाही. तो कागदावरच तोट्यात आहे. पहिल्या कादंबरीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे ८०० प्रती आणि ३०० ई-बुक विकली गेली असं धरू. छापील विक्रीचे ३२,००० आणि ई-बुकच्या वाट्याचे ४,०५० मिळून ३६,०५० येतात. तोटा ६८,९५०, म्हणजे साडेचार महिन्यांहून थोडा जास्त.

याच्या मुळाशी कुणाचं उत्पन्न कुठून येतं हा प्रश्न आहे. पारंपरिक प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो आणि वाचकाकडून तो परत मिळवतो, म्हणून पुस्तक विकण्याची निकड त्याला असते. पॅकेज विकणाऱ्या कंपनीचं काम तुमचे पैसे जमा झाले की आर्थिकदृष्ट्या संपलेलं असतं. तिथली माणसं मेहनती असतील, मुखपृष्ठही छान करून देतील, पण दोन हजारावी प्रत विकली जावी यासाठी धडपडण्याचं कारण त्या व्यवहारात नाही. आणि तुम्ही छपाईचा पूर्ण खर्च दिल्यावरही विक्रीतले ६० टक्के कमिशनपोटी आणि त्यांच्या वाट्यापोटी जातात, म्हणजे एकाच प्रतीसाठी तुम्ही दोनदा मोजता.

तरीही त्यांच्याशी बोलायचंच असेल तर चार गोष्टी लेखी मागा. गेल्या वर्षी काढलेल्या कादंबऱ्यांपैकी कोणत्याही पाचांच्या प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रती, लेखकांनी स्वतः विकत घेतलेल्या वगळून. संपादन कोण करणार आणि त्याच व्यक्तीने केलेल्या दहा पानांचा नमुना. २,००० प्रती खरोखर छापल्या जातील की मागणी येईल तशा. छापल्या तर त्या कुणाच्या मालकीच्या आणि कुठे राहतील. आणि ‘वितरण’ या शब्दाचा अर्थ. पुस्तक ऑनलाइन यादीत दिसणं वेगळं आणि दुकानाच्या फळीवर जाणं वेगळं. टाळाटाळ झाली तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

कराराचा मसुदा तुम्ही पाठवला आहे. त्यातली तीन कलमं पैशापेक्षाही जास्त खटकतात. पहिलं, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, त्यांच्या नावाचा असेल. आयएसबीएन ज्याने घेतला तो नोंदींत प्रकाशक म्हणून राहतो. उद्या वेगळं व्हायचं ठरवलंत तर नवा क्रमांक, नवा बारकोड, नवं मलपृष्ठ, आणि जुन्या नोंदीवरचे वाचकांचे अभिप्राय मागे राहण्याची भीती. तेरा अंकी आयएसबीएन काही देशांत मोफत मिळतो, काही देशांत विकत घ्यावा लागतो, पण स्वप्रकाशकाला तो स्वतःच्या नावावर घेता येतो. छापील पुस्तकाला आणि ई-बुकला वेगळे क्रमांक लागतात, हे लक्षात ठेवा. दुसरं, सात वर्षांसाठी एकाधिकार, त्यात अनुवाद आणि चित्रपटाचे हक्कही. छपाईचे पैसे तुम्ही देत असताना हे हक्क देण्याचं काहीच कारण नाही. तिसरं, मुखपृष्ठाची आणि मांडणीची मूळ फाइल ते देणार नाहीत; म्हणजे पुढची आवृत्ती त्यांच्याकडूनच. ‘कॉपीराइट नोंदणी मोफत’ ही ओळ पाहून भुलू नका. १८८६च्या बर्न कराराच्या सदस्य देशांत लेखकाचा हक्क लिहिल्या क्षणी निर्माण होतो. नोंदणी पुढे वाद झाला तर पुराव्याला उपयोगी पडते, हक्क तिच्यामुळे मिळत नाही.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते सर्वांत आधी संपादनात. पहिल्या कादंबरीच्या खर्चात मुद्रितशोधन आहे, संपादन नाहीच. तुम्ही पाठवलेल्या वाचकांच्या अभिप्रायांत ‘मधला भाग रेंगाळतो’ हे वाक्य तीनदा आलं आहे, आणि ते मुद्रितशोधनाने सुटणारं दुखणं नाही. कामं तीन आहेत आणि त्यांचा क्रम मोडता येत नाही. आधी रचनेचं संपादन: कथानकाची गती, प्रकरणांचा क्रम, कोणतं पात्र उगाच आहे. त्यावर तुमचं पुनर्लेखन. मग भाषेचं संपादन, ओळीओळीने. मग मांडणी, आणि मांडलेल्या पानांवर मुद्रितशोधन. मांडणीआधी मुद्रितं तपासून घेतली की मजकूर पानांत ओतताना नव्या चुका होतात, आणि त्या तशाच छापल्या जातात. ९०,००० शब्दांचं भाषिक संपादन मन लावून केलं तर तासाला हजार-दीड हजार शब्दांहून पुढे जात नाही. म्हणजे ६० ते ९० तास. पॅकेजमध्ये ‘संपादन: ७ दिवस’ लिहिलं आहे. एका माणसाने आठवडाभर फक्त तुमचीच कादंबरी हाती घेतली तरी तेवढ्यात हे जेमतेम बसतं, तेही रचनेला हात न लावता. दोन संपादकांना तीच दहा पानं द्या, नमुन्याचे पैसे द्या, आणि ज्याच्या खुणा पाहून तुम्हाला पुन्हा लिहायला बसावंसं वाटेल त्याला काम द्या.

माझा आराखडा असा. दोन्ही संपादनं १२,०००, मुद्रितशोधन ४,०००, मुखपृष्ठ ५,०००, मांडणी ३,०००. ४०० प्रती, तुमच्या मुद्रकाने दिलेल्या ४२च्या दराने १६,८००. ई-बुकची फाइल १,२००. अभिप्रायप्रतींचं टपाल आणि किरकोळ प्रसिद्धी ३,०००. एकूण ४५,०००, बरोबर तीन महिने.

यातून काय येईल ते स्पष्ट सांगते. ५० प्रती अभिप्रायाला गेल्या आणि उरलेल्या ३५० पहिल्या कादंबरीसारख्याच मार्गांनी विकल्या गेल्या, तर सरासरी ६० भागांनी २१,००० येतील. ई-बुकच्या ३०० प्रती गेल्या तर ८,१००. तरीही १५,९०० कमी, म्हणजे एका महिन्याहून किंचित जास्त तोटा. विक्री याच्या निम्मी झाली तर दोन महिन्यांचा. एकही प्रत गेली नाही तर तीन. आणि ८०० प्रती विकल्या गेल्या, म्हणजे मध्ये आणखी ४५० छापाव्या लागल्या, तर तोटा अर्ध्या महिन्यावर येतो. पॅकेजमध्ये याच ८०० प्रतींवर साडेचार महिने जात होते. ही कादंबरी पहिल्या आवृत्तीत पैसे सोडवेल असं मी म्हणणार नाही. चांगल्या संपादनाचा खर्च ४०० प्रतींवर निघत नाही. तो पुढच्या आवृत्त्यांत, ई-बुकच्या वर्षानुवर्षांच्या विक्रीत आणि तिसऱ्या कादंबरीच्या वाचकसंख्येत हळूहळू निघतो. म्हणून ही रक्कम गुंतवणूक म्हणून लिहू नका. ‘गेली तरी घर हलणार नाही’ अशा खर्चाच्या खात्यात लिहा. तीन महिने तुम्हाला झेपतात. चौदा झेपत नाहीत.

४०० हा आकडाही दगडावरची रेघ नाही. छापण्याआधी चार आठवडे प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घ्या, पैसे आगाऊ घेऊन. ‘नक्की घेईन’ म्हणणाऱ्यांना मोजू नका. पैसे भरलेल्यांनाच मोजा. १०० ते १२० नोंदण्या आल्या तर ४०० छापा. पन्नास-साठच आल्या तर २५० वर थांबा. त्या आकड्याला ऑफसेटऐवजी डिजिटल छपाईचा दर मागून पाहा. नोंदणीच्या पैशाने छपाईचं निम्मं बिल भागलं तर बचतीला तेवढा कमी धक्का. पुनर्मुद्रणाला किती दिवस लागतात हे मुद्रकाला आधीच विचारून ठेवा, आणि ८० प्रती उरल्या की पुढची ऑर्डर द्या. पानांची संख्या पक्की होईपर्यंत मुखपृष्ठ अंतिम करू नका, कारण कण्याची जाडी पानांवर ठरते. आणि एखादं पान ३२० च्या पुढे गेलं तर नव्या फॉर्मचा खर्च लागतो. मांडणीकाराला ३२० मध्ये बसवायला सांगा. पूर्ण छपाईआधी एक बांधलेली प्रत हातात घेऊन शेवटपर्यंत वाचा.

प्रिंट ऑन डिमांडचा, म्हणजे मागणी येईल तशी एकेक प्रत छापून घेण्याचा, मोह अनेकांना होतो, कारण साठा शून्य. पण त्यात एका प्रतीचा खर्च ५५ ते ६०च्या घरात गेला तर दुकानाला ५० टक्के कमिशन देताच येत नाही; प्रत्येक प्रतीवर तोटा होईल. पहिली आवृत्ती संपल्यानंतर तुरळक येणाऱ्या ऑनलाइन मागणीसाठी ते ठेवा. परदेशी सेवा वापरायची असेल तर तुमच्या भाषेतलं छापील पुस्तक ते स्वीकारतात का, हे आधी पाहा. ई-बुक घेतात म्हणजे छापीलही घेतात असं नसतं.

विक्रीच्या मार्गांत थेट विक्री वाढवण्याचा प्रयत्न सर्वांत फायद्याचा. ३५० पैकी निम्म्या प्रती थेट, ९० ऑनलाइन आणि ८५ दुकानांतून गेल्या, तर जमा २१,००० वरून २३,२०० होते, एक प्रतही जास्त न विकता. वाचनमंडळं, ग्रंथालयातल्या गप्पा, पहिल्या कादंबरीच्या वाचकांचे पत्ते, हे सगळं तुमच्या हातात आहे. वाचकाने प्रत घेतली की त्याचा ईमेल विचारून, संमतीने, यादीत घाला. तिसऱ्या कादंबरीच्या वेळी ही यादी कोणत्याही प्रसिद्धी-पॅकेजपेक्षा मोलाची ठरेल. दुकानांना मात्र मर्यादित प्रती द्या, प्रत्येकी पाच ते दहा, सही घेतलेल्या डिलिव्हरी चलानवर. त्यावर प्रतींची संख्या, कमिशन, हिशोबाची तारीख आणि परतीचा टपालखर्च कुणाचा हे लिहिलेलं असावं. दर तीन महिन्यांनी प्रती मोजून या. परत आलेल्या दहांतल्या दोन-तीन प्रतींचे कोपरे दुमडलेले असतील, हे धरूनच चाला.

ई-बुकबद्दल थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर लेखकाच्या वाट्याचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. ७० टक्क्यांसाठी किंमत ठरलेल्या पट्ट्यात लागते, अमेरिकी बाजारात २.९९ ते ९.९९ डॉलर; फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरी शुल्क कापलं जातं, आणि काही देशांतल्या विक्रीवर हा दर मिळायला केडीपी सिलेक्टमध्ये नाव नोंदवावं लागतं. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. मुदत आपोआप पुढे जाते, म्हणून नूतनीकरणाची खूण काढायला विसरू नका. छापील पुस्तकावर हे बंधन नाही. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, तेव्हा ती जमा या महिन्याच्या खर्चाला धरू नका. पहिले ९० दिवस सिलेक्टमध्ये राहून आकडे पाहा, मग ठरवा.

घरातल्या ४९० प्रतींवर गेलेला पैसा गेला. दुसरीचा निर्णय घेताना तो वसूल करायचा विचार मनात येऊ देऊ नका. पण त्या प्रती निरुपयोगी नाहीत. नव्या कादंबरीचा वाचक जुनी शोधतो, आणि ती द्यायला तुम्हाला आता एकही पैसा घालावा लागणार नाही. दोन्हींचा संच १२० भागांना ठेवा. नवी एकटी थेट ८० ला जाते, म्हणजे संचामागे ४० जास्त. शंभर संच गेले तर ४,०००, मुद्रितशोधनाचा पूर्ण खर्च.

कर्जाचं उत्तर सोपं आहे. निम्मं पॅकेज म्हणजे साडेतीन महिने. दोन वर्षांत फेडायचं तर व्याज सोडूनच दरमहा घरखर्चाच्या १४.६ टक्के हप्ता. पहिल्या कादंबरीने तीन वर्षांत प्रत्यक्ष हाती दिले २९,७२० भाग, कारण दुकानांतल्या ६० प्रतींचे ३,००० अजून आलेच नाहीत. म्हणजे दरमहा घरखर्चाच्या साडेपाच टक्के. हप्ता दर महिन्याला ठरल्या दिवशी जातो, पुस्तकाचे पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात. आणि बचत मोडण्याचीही किंमत आहे: सात महिन्यांची रक्कम महागाईपेक्षा ४ टक्के जास्त दराने १९ वर्षं वाढली तर तुमच्या साठीला आजच्या पावणेपंधरा महिन्यांच्या खर्चाइतकी होते.

नोकरीबद्दल. दुसरी कादंबरी तुम्ही नोकरी सांभाळून, पहाटे उठून अडीच वर्षांत लिहिलीत. ती थकवणारी पहाट मी कमी लेखत नाही. पण पहिला खर्डा वेळेच्या तुकड्यांत लिहून होतो: रोज ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, तर ९०,००० शब्द ३६ आठवड्यांत. तुकड्यांत जे होत नाही ते पुनर्लेखन. संपूर्ण कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते तेव्हा सलग दिवस लागतात. म्हणून रिकामं वर्ष घेण्यापेक्षा खर्डा हातात असताना दोन महिने घ्या. दोन महिन्यांच्या बिनपगारी रजेची किंमत १.२ महिने, त्या काळात कामाच्या ठिकाणचा आरोग्य विमा चालू राहतो का, हे लेखी विचारा. कादंबरीचे तीन आणि रजेचे १.२ वजा जाता बचतीत ९.८ महिने उरतात, म्हणजे सहा महिन्यांची राखीव रक्कम त्यात शाबूत राहते.

पुस्तकासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि ४५,००० भाग त्यात एकदाच टाका. खातं रिकामं झालं की घरच्या खात्यातून भर घालायची नाही. कराच्या दृष्टीने न विकलेल्या प्रती बहुतेक ठिकाणी साठा धरल्या जातात, छपाईचा सगळा खर्च त्याच वर्षी वजा होत नाही, म्हणून वर्षअखेरीला प्रती मोजून तारखेसह लिहून ठेवा.

कंपनीची सवलत पंधरा दिवसांत संपते असं तुम्ही लिहिलं आहे. संपू द्या. त्या पंधरा दिवसांत दोन कामं करा: दुकानांकडे अडकलेल्या ६० प्रतींचा हिशोब मागणारी पत्रं पाठवा, आणि हस्तलिखितातली मधल्या भागातली दहा पानं दोन संपादकांकडे नमुन्यासाठी द्या.